कॉम्प्युटरने ‘सिद्ध’ केलेलं औषध

“हळदीतलं कर्क्युमिन करोनाच्या प्रथिनाला घट्ट चिकटतं, कॉम्प्युटरने सिद्ध झालंय!” २०२० मध्ये असे मेसेज घेऊन बरेच पेशंट यायचे. यातला ‘सिद्ध’ हा शब्द मला खटकतो.

प्रथिन म्हणजे कुलूप आणि औषध म्हणजे किल्ली, असं समजा. कॉम्प्युटर हजारो किल्ल्या लावून बघतो आणि कोणती किती घट्ट बसेल याचा अंदाज सांगतो. याला डॉकिंग म्हणतात. लाखो रेणूंमधून थोडे निवडायचे असतील तर ते फार उपयोगी आहे, पण पुढची वाट लांब असते. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं, आणि गेलेलंही शरीर झटपट बदलून टाकतं. किल्ली कुलपापर्यंत पोचलीच नाही तर ती बसते का, या प्रश्नाला काय अर्थ? (भाजीत हळद खुशाल घाला.)

डेक्सामेथासोन तर विषाणूला चिकटण्यासाठी देतच नव्हते. ते शरीरातला दाह आवरतं. तरी ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटले. हे कळलं ते हजारो माणसांवरच्या चाचणीतून.

असा मेसेज आला तर चाचणी किती माणसांवर झाली ते आधी बघा. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर कर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.