सुट्टीच्या तारखेवर चालणारी घरं

साताऱ्याजवळच्या अपशिंग्याची ओळख ‘अपशिंगे मिलिटरी’ अशीच आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. त्यांच्यामागे ज्यांनी घरं ओढली, त्यांची नोंद मात्र कुठल्याच दगडावर नाही.

आजही लष्करातल्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. उरलेले नऊ महिने घर चालवते ती त्याची बायको, नाहीतर थकलेले आईवडील. फील्ड पोस्टिंगला बिऱ्हाड सोबत नेता येत नाही. पेरणी, पोराचा ताप, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं तिच्यावर. फोन लागला की ती म्हणते, ‘इकडं सगळं बरं आहे, तुम्ही काळजी घ्या.’ बर्फातल्या ठाण्यावरून तोही तेच सांगतो. एकमेकांना जपता जपता दोघंही आपापल्या जागी एकटी पडतात. सुट्टीवर आलेल्या बापाला लहानगं आधी बिचकतं. अंगाखांद्यावर खेळू लागतं तोवर परतीची गाडी आलेली असते.

त्यात शेजारी बांध कोरतो. मोजणीची तारीख सुट्टीत बसत नाही, कोर्टात जवानाला हजर राहता येत नाही. म्हणूनच २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सुरू केलेली ‘वीर परिवार सहायता योजना’ आम्हाला मोलाची वाटते. जमिनीच्या आणि घरगुती दाव्यांत या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत मिळावी, हा तिचा हेतू आहे. मनावरच्या ओझ्यासाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३मध्ये ‘टेली-मानस’ या फोनवरच्या समुपदेशन सेवेचा खास कक्ष सुरू झाला. तो जवानांइतकाच त्यांच्या घरच्यांसाठीही आहे, हे गावोगावी कळायला हवं.

मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सुट्टीवरचे जवान तातडीने माघारी गेले. काहींच्या अंगाची हळदही उतरली नव्हती. गावांनी त्यांना वाजतगाजत निरोप दिला, ते योग्यच झालं. पण नंतरच्या रात्री टीव्हीसमोर जागणाऱ्या त्या घरात कितीजण डोकावले? जवानाच्या आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेणं, त्याच्या बायकोला तलाठी कार्यालयात हेलपाटे पडू न देणं, हे गावाचंच काम आहे आणि ते तो जिवंत असताना करायचं आहे.

या अंकात अशाच घरांतल्या बायकांनी, मुलांनी, आईवडिलांनी स्वतः लिहिलं आहे. त्यांचे लेख आम्ही पहिल्या पानापासून घेतले आहेत.