परागंदा ठरविलेली माणसे

महसूल खात्याच्या जुन्या दप्तरात 'परागंदा' हा एक मोठा सोयीचा शब्द आहे. खातेदार गाव सोडून गेला, त्याचा ठावठिकाणा लागत नाही, सबब त्याचे नाव कमी करून जमीन भावाच्या नावे लावण्यात येत आहे, एवढा सारा आशय त्या एका शब्दात मावतो. मग गावच्या कुलकर्ण्याला पुढे चौकशी करावी लागत नाही आणि भावालाही करावी लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या घराण्यातील एका जुन्या फेरफारात हा शब्द आजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढे लिहिलेला आहे. घरात सांगत असत की, 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांची बायको आणि तान्हे मूल आठ दिवसांच्या अंतराने गेले, थोरले आजोबा विरक्त झाले आणि एके दिवशी काशीला निघून गेले. पुढे कधी पत्र आले नाही. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शेतजमिनीच्या तुकडीकरणाचे अर्थशास्त्र शिकविले. स्वतःच्या घरातील एका वाटणीचा हिशेब मात्र निवृत्तीनंतर पाहावयास बसलो. तेव्हा कळले की ते काशीला गेलेच नव्हते. 1919 साली त्यांना वेड्यांच्या इस्पितळात दाखल करण्यात आले आणि 1926 साली ते तेथेच वारले. गावापासून ते ठिकाण एका दिवसाच्या प्रवासावर होते.

एका कुटुंबाची ही कहाणी या पानावर मांडण्याचे कारण एवढेच की, ती एका कुटुंबाची नाही. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधील हैदराबाद येथे वेड्यांची इस्पितळे होती. पुढे ठाण्याचे सुरू झाले. नागपूरचे मध्य प्रांताकडे होते. या सर्वांत वर्षानुवर्षे जी माणसे गेली ती बहुतांशी शेतकरी, शेतमजूर, हमाल, भिक्षेकरी, घरातून काढलेल्या बायका अशीच होती. श्रीमंत घरातील वेडा माडीवरच्या खोलीत राहत असे. त्याची नोंद सरकारदरबारी होत नसे. त्यामुळे या इस्पितळांच्या नोंदवह्या म्हणजे आपल्या गरीब पूर्वजांचे, त्यांनी स्वतः न लिहिलेले, पण त्यांच्याविषयी व्यक्तिशः लिहिलेले, जवळजवळ एकमेव दप्तर आहे. ज्यांची वंशावळ बडव्यांच्या वा तीर्थोपाध्यांच्या वह्यांत नाही, त्यांचे नाव, वय, जात, धंदा आणि मृत्यूची तारीख येथे सापडू शकते.

ही नोंद कशी होत असे हे समजून घेतले म्हणजे शोध कोठे घ्यावयाचा हेही कळते. 1858 चा 36 वा कायदा आणि त्याची जागा घेणारा 1912 चा चौथा कायदा, या दोहोंची पद्धत एकच होती. मोकाट हिंडणारा वा धोकादायक वाटणारा वेडा पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे आणावयाचा, सरकारी डॉक्टरने दाखला द्यावयाचा, आणि मॅजिस्ट्रेटने दाखल करून घेण्याचा हुकूम काढावयाचा. म्हणजे एका माणसाचा कागद निदान तीन ठिकाणी तयार होत असे: कचेरीत, सिव्हिल सर्जनकडे आणि इस्पितळात. एका ठिकाणचा गेला तरी दुसरीकडे राहण्याचा संभव असतो. याखेरीज इलाख्याचे वार्षिक अहवाल छापले जात. त्यांत नावे नसत; वय, धर्म, धंदा, वेडाचे कारण, दरडोई खर्च, रुग्णांच्या श्रमांतून झालेली कमाई, यांचे तक्ते असत. हे अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जपले असून त्यांच्या प्रतिमा संगणकावर कोणालाही पाहता येतात. ज्या मुलखातील माणसे होती तेथील नोंदवह्यांना वाळवी लागावी आणि त्यांची बेरीज मात्र एडिंबरोत सुखरूप असावी, हा योग मोठा बोलका आहे.

परंतु नोंद सापडली म्हणजे सत्य सापडले असे नव्हे. थोरल्या आजोबांच्या नावापुढे 'कारण' या रकान्यात एकच शब्द आहे: गांजा. आमच्या घरात तंबाखूची चंची होती, गांजा नव्हता. आणि ते स्वतः तर माळकरी. मग हा गांजा आला कोठून? याचे उत्तर त्यांच्या जन्माच्या आसपासच सरकारच्याच एका चौकशीने देऊन ठेवले होते. 1893 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावरून गांजा-भांग यांच्या परिणामांची चौकशी करण्यासाठी हिंदुस्थान सरकारने आयोग नेमला. गांजाने माणूस वेडा होतो, याला पुरावा म्हणून इस्पितळांचे आकडे पुढे केले जात होते. आयोगाने ते आकडे जसेच्या तसे मान्य केले नाहीत. 1892 या एका वर्षातील प्रत्येक प्रकरण त्याने तपासावयास घेतले आणि रुग्णाच्या गावी, नातलगांकडे चौकशी करविली. त्या वर्षी देशभरच्या इस्पितळांत 1344 माणसे दाखल झाली होती. त्यांपैकी 222 जणांचे कारण गांजा-भांग असे लिहिले होते. चौकशीअंती 98 च उरले, आणि त्यांतही केवळ गांजा-भांग हेच कारण मानता येईल असे 61. बाकीच्यांच्या रकान्यात तो शब्द कसा आला? पोलिसाला रकाना भरावयाचा होता. 'माहीत नाही' असे लिहिलेले वरिष्ठांना आवडत नसे. माणूस फाटका आहे, रस्त्यात सापडला आहे, तेव्हा गांजा ओढत असणार. पोलिसाने लिहिले, मॅजिस्ट्रेटने पाठविले, डॉक्टरने उतरून घेतले, आणि अहवालात त्याचे शास्त्र झाले. 1894 मध्ये हे सर्व उघड झाले. आमच्या घरच्या नोंदीची तारीख त्यानंतर पंचवीस वर्षांची आहे. आयोगाचा अहवाल कपाटात राहिला आणि रकाना होता तसाच चालू राहिला.

दुष्काळ, साथ, कर्ज, जमीन जाणे, बाळंतपण, ही कारणे रकान्यात बसत नाहीत असे नाही; पण ती लिहावयाची तर माणसाशी बोलावे लागते. 1918 साली पाऊसही गेला होता आणि साथही आली होती. त्या साली घर उद्ध्वस्त झालेल्या तिशीच्या आतल्या शेतकऱ्याला वेड कशाने लागले असेल, यासाठी गांजापर्यंत जाण्याची गरज नव्हती.

आता जमिनीकडे येतो, कारण त्याविषयी बोलल्यावाचून हा शोध प्रामाणिक होत नाही. 1912 च्या कायद्यात इस्पितळातील रुग्णाच्या पालनपोषणाचा खर्च त्याच्या मिळकतीतून, अथवा त्याला पोसण्यास कायद्याने बांधलेल्या नातलगाकडून, दिवाणी न्यायालयामार्फत वसूल करण्याची तरतूद होती. म्हणजे ज्याच्या नावे जमीन आहे असा वेडा घराला महाग पडण्याचा धोका होता. ज्याच्या नावे काही नाही तो सरकारी खर्चाने राहत असे. आमच्याकडचा फेरफार इस्पितळातील नोंदीनंतर अकरा महिन्यांनी झालेला आहे. भावाला ठावठिकाणा माहीत नव्हता हे त्यामुळे मला खरे वाटत नाही. त्या साडेचार एकर विहिरीखालच्या जमिनीच्या गुळावर माझे वडील कॉलेजात गेले, आणि त्यांच्या पगारावर मी. माझ्या आजोबांना मी दोष द्यावा काय? त्या साली तेही पंचविशीच्या आतलेच होते आणि घरात खाणारी तोंडे सात होती. परंतु काशीची कथा कोणी रचली आणि ती आम्हां सर्वांना इतकी का पटली, याचा उलगडा मात्र झाला. पूर्वजांचा शोध घेणारे पुष्कळ जण पराक्रमी पुरुष शोधीत असतात. या वह्यांत पूर्वज सापडला तर त्याच्याबरोबर आपण त्याचे काय केले हेही सापडते. त्या पाहू नयेत असे घरच्यांना वाटते ते बहुधा वेडाच्या लाजेमुळे, आणि थोडेसे यामुळेही.

शासकीय कचेऱ्यांची अडचण निराळी आहे. मला एका ठिकाणी प्रथम सांगण्यात आले की, जुन्या वह्या निर्लेखित झाल्या. लेखी अर्ज केल्यावर उत्तर आले की, ही वैयक्तिक माहिती असल्यामुळे देता येत नाही. जी वही अस्तित्वातच नाही तिच्यातील माहिती वैयक्तिक कशी, हा प्रश्न पहिल्या अपिलात विचारावा लागला. तेव्हा वही निघाली. कार्यकर्त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीची सबब 2023 च्या कायद्याने अधिकच रुंद केली, हे खरे आहे आणि त्याचा निषेध करावयासच हवा. परंतु त्याच माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(3) अन्वये वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती नाकारण्यास तीनच अपवाद आहेत: देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. 1919 साली इस्पितळात गेलेला शेतकरी या तिहींपैकी कशातही बसत नाही.

रुग्णाची गुप्तता हे मूल्य आम्ही क्षुल्लक मानीत नाही. जिवंत माणसाचा रोग चव्हाट्यावर येता कामा नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तसे संरक्षण दिले ते योग्यच आहे. इंग्लंडात अशा वह्या सामान्यतः शंभर वर्षांनी खुल्या होतात. आपल्याकडेही तशी काही मर्यादा ठरविता येईल. पण गुप्ततेच्या नावाखाली कोणाचे रक्षण होते, हेही पाहिले पाहिजे. जर्मनीत नाझी राजवटीने 1940 व 1941 या दोन सालांत वेड्यांच्या इस्पितळांतील 70,273 माणसे विषारी वायूने मारली. हा आकडा मारेकऱ्यांनीच मांडून ठेवला होता, आणि त्यापुढे या माणसांवरचा दहा वर्षांचा किती खर्च वाचला याचे कोष्टक जोडले होते: बटाटे, पाव, मार्क. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून सांगतो, त्या कोष्टकात गणिताची चूक शोधण्यात अर्थ नाही. या मृतांपैकी सुमारे 30,000 जणांचे रुग्णपत्रक 1990 नंतर पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या दप्तरात सापडले. तरीही नावे जाहीर करावयाची नाहीत, कुटुंबांना कलंक लागेल, असे पुढे कित्येक वर्षे सांगितले जात होते. अखेर 2018 मध्ये तेथील संघराज्याच्या अभिलेखागाराने ती नावे सर्वांना पाहता येतील अशी ठेवली. मधल्या काळात नातवंडे आपल्या आजीला अपेंडिक्सने मृत्यू आला, असे इस्पितळाने पाठविलेले खोटे पत्र जपून बसली होती.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ मेलेल्यांचाही नाही. बरा झालेला रुग्ण, घर नाही वा घरचे घेत नाहीत, एवढ्याच कारणाने इस्पितळात अडकून राहता कामा नये, असे 2017 च्या कायद्याचे 19 वे कलम सांगते. तरी अशांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरी गृहात हलवू नका, असे 2019 साली सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र शासनास सांगावे लागले. आज आत असलेल्या कित्येकांच्या गावाचे नाव कोणत्या तरी जुन्या वहीत चुकीच्या शुद्धलेखनाने लिहिलेले असेल, आणि गावी त्यांचा फेरफार झालेला असेल. तालुक्याचा कार्यकर्ता तलाठी कार्यालयात जुन्या फेरफारांतील 'परागंदा' खातेदार काढू शकतो. चारही मनोरुग्णालयांकडे कोणत्या सालच्या वह्या शिल्लक आहेत याची यादी मागू शकतो. त्या वह्या पुराभिलेखागारात हलवाव्यात असा ठराव जिल्हा परिषदेत आणू शकतो. मी जी वही पाहिली ती पश्चिमेकडच्या भिंतीलगत, जमिनीवर, गठ्ठ्याच्या तळाशी होती. शेवटची चाळीस पाने एकमेकांना चिकटली आहेत, आणि 1926 नंतर कोण दाखल झाले ते त्यामुळे वाचता आले नाही.