शब्दांवाचून उत्सव?

आमच्या बेळगाव-निपाणी भागातील एका देवळात यंदाच्या उत्सवात सायंकाळच्या गायनाऐवजी ध्वनिवर्धकावर एक जुनी तबकडी लावण्यात आली. तीत संगीत नाटकांतील पदे होती, परंतु गाणारा कोणी नव्हता. साऱ्या चाली वाद्यवृंदावर वाजविलेल्या, गोड आणि गुळगुळीत. आम्ही कारण विचारले, तेव्हा व्यवस्थापकांचे उत्तर आले, "मराठी पद म्हटले तर एक पक्ष रुसतो, कानडी म्हटले तर दुसरा. शब्दच नाहीत म्हटल्यावर वाद कसला?"

तबकडीपेक्षा या उत्तराचाच आम्हांस अधिक विषाद वाटला.

वाद्यवृंदाशी आमचे वैर नाही. १९४८ साली अमेरिकेत दीर्घकाळ वाजणारी तबकडी निघाली आणि मांतोव्हानीसारख्या वाद्यवृंदनायकांनी पाश्चात्त्य संगीत नाटकांतील गाणी शब्दांवाचून वाजवून घरोघर पोचविली. दिवाणखान्यात गप्पागोष्टी चालू असता कानांवर पडण्यास ते संगीत योग्यच आहे. परंतु तेथे त्या तबकडीने रंगमंचावरील गायकास उठविले नाही. आमच्याकडे ती गायकाच्या बैठकीवर बसविली गेली. तिच्यापेक्षा लाखेची जुनी तबकडी बरी. एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे. पण तेवढ्यात बालगंधर्वांच्या तोंडचा शब्द स्पष्ट ऐकू येई. शब्द काढून घेतलेले नाट्यपद म्हणजे मूर्ती उचलल्यावर उरलेले मखर होय.

आता वादाविषयी. १९५६ साली हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेल्यापासून येथे भाषेचे दुःख आहे, ते आम्ही नाकारीत नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सीमेचा निवाडा तेथे व्हावयाचा तो होवो. परंतु देवापुढील गाण्याचा निवाडा आमच्या पूर्वजांनी केव्हाच करून ठेवला आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मले आणि मराठी संगीत नाटकासाठी त्यांनी कानडी चालीही निःसंकोच घेतल्या. मास्टर दीनानाथ गोव्यातील मंगेशीचे, म्हणजे कोंकणी मुलुखातले. त्यांनी मराठी रंगभूमी गाजविली. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. गदगचे भीमसेन जोशी तर मराठी अभंग आणि कानडी दासपदे सारख्याच भक्तीने गात. यांपैकी कोणीही वाद टाळण्यासाठी मुके झाले नाही.

आमच्यापैकी कित्येकांच्या घरात कोंकणी, बाजारात कानडी आणि कीर्तनात मराठी चालते. तिन्ही भाषा ज्याच्या कानी पडतात, त्या देवापुढे तिन्ही बंद करणे हा समेट नव्हे, ते भय आहे. शिवाय या भयाची किंमत आमची मुले देतील. ज्या देवळात गाणे ऐकू येत नाही, तेथे पेटीवर बसण्याची वा चार पदे पाठ करण्याची इच्छा कोणास होणार?

म्हणून उत्सवाच्या चालकांस आमचे सांगणे एवढेच: ती तबकडी ज्याच्या घरची असेल त्यास सन्मानाने परत करावी. पुढील वर्षी देवापुढे एक पेटी व एक तबला ठेवावा आणि आपल्याच मुलांकडून एक मराठी अभंग, एक कानडी दासपद व एक कोंकणी भजन म्हणवून घ्यावे. सूर थोडा चुकेल. रुसणारे रुसतील. तरीही गावे.