कॅसेटचे आयुष्य मुलाम्यात शोधू नका

सोनेरी कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, जास्त टिकते, हे विधान सायकलच्या दुकानात इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा पोलादापेक्षा कितीतरी कठीण असतो, कठीण वस्तू उशिरा झिजते, म्हणून सोनेरी दाते उशिरा झिजणार, असा हा युक्तिवाद. यातला शेवटचा निष्कर्ष चुकीचा आहे आणि ती चूक गिऱ्हाइकाला हजारो रुपयांना पडते.

पूर्वपक्षाची भक्कम बाजू आधी मांडतो. विकर्स मापात टायटॅनियम नायट्राइडची कठिणता २००० च्या वर जाते, तर वाळूतल्या क्वार्ट्झची साधारण १००० च्या आसपास. जी वाळू पोलाद खरवडते, तिला हा थर सहजासहजी दाद देत नाही. वर्कशॉपमधल्या सोनेरी ड्रिल बिटावर हाच मुलामा असतो, आणि ते बिट साध्यापेक्षा जास्त भोके पाडते हे कुठलाही फिटर सांगेल. मग कॅसेटला हा न्याय का लागू नये?

कारण ड्रिलच्या थराखाली हायस्पीड स्टील असते, स्वतःच ८०० विकर्सच्या घरातले. कॅसेटचे दाते तितके कठीण करत नाहीत आणि करून चालणारही नाही. पायाखाली जोर असताना गिअर बदलला की चेन दात्यावर आदळते, आणि ठिसूळ दात तिथेच तुटेल. चेनचा रोलर दात्यावर फार थोड्या जागेत टेकतो. तिथला दाब प्रचंड असतो. त्या दाबाखाली पोलाद किंचित दबते आणि वरचा दोन-चार मायक्रॉनचा थर तडकतो. गादीवर काच अंथरून तिच्यावर उभे राहण्यातला हा प्रकार आहे. भरपूर चाललेली सोनेरी कॅसेट हातात घेऊन पाहा: चक्रांच्या सपाट अंगावर सोने तसेच असते, आणि रोलर जिथे बसतो त्या खाचेत राखाडी पोलाद उघडे पडलेले असते. सोने टिकते ते जिथे झीज होतच नाही तिथे.

पण समजा, थर तडकलाच नाही. तरीही खरी लढाई दुसरीकडेच चाललेली असते. चेनच्या दोन लगतच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो तेव्हा लोखंड लांबलेले नसते; पिन आणि तिच्याभोवतीचा भाग एकमेकांवर घासून झिजलेले असतात आणि हे अंतर वाढलेले असते. अकरा-बारा स्पीडची चेन ०.५ टक्के वाढली की बदलावी असा सर्वमान्य संकेत आहे. बारा इंचांत दीड मिलिमीटर. कडीमागे सरासरी सुमारे ६३ मायक्रॉन! तीन मायक्रॉनच्या मुलाम्याच्या वीसपट. इतके अंतर चुकले की रोलर खाचेत नीट बसत नाहीत, दात्याच्या वरच्या अंगाला चढतात, आणि सगळ्या दात्यांनी मिळून पेलायचा भार एकदोघांवर येतो. अकरा दात्यांच्या चक्रावर एका वेळी पाच-सहाच दाते चेनमध्ये गुंतलेले असतात, म्हणून लहान चक्रे आधी जातात. दाते आकडेदार होतात, आणि मग नवी चेन घातली की ती चढावर जोर लावताच सटकते. ही झीज मुलाम्याचा रंग पाहून थांबत नाही.

सोनेरी एक्सएक्सवन ईगल वर्षानुवर्षे टिकली असे सांगणारे सायकलस्वार खोटे बोलत नाहीत. त्यांचे निरीक्षण खरे आहे, निदान चुकले आहे. २०१६ साली स्रॅमने आणलेल्या या कॅसेटची लहान अकरा चक्रे पोलादाच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली आहेत. पन्नास दात्यांचे तेवढे अ‍ॅल्युमिनियमचे. पण त्याच वेळी आलेली काळी एक्सझिरोवन ईगलही तशीच कोरलेली आहे. टिकाऊपणाचे श्रेय त्या ठोकळ्याला आहे.

महाग म्हणजे टिकाऊ, हा याच भ्रमाचा भाऊबंद. शिमानोच्या एक्सटीआर एम-९१०० कॅसेटमध्ये चार चक्रे पोलादाची, पाच टायटॅनियमची आणि तीन अ‍ॅल्युमिनियमची. वजन सुमारे ३६७ ग्रॅम. त्याच कंपनीची स्वस्त डिओर एम-६१०० पूर्ण पोलादी. वजन सुमारे ५९३ ग्रॅम. तिथे जास्तीचे पैसे सव्वादोनशे ग्रॅम वाचवण्याचे आहेत. टायटॅनियम कठीण केलेल्या पोलादापेक्षा मऊ असते आणि घासले की चिकटून खरवडले जाते. शर्यतीत उतरणाऱ्याने ते जरूर घ्यावे. रोज सिंहगडाच्या दिशेने पॅडल मारणाऱ्याने ते टिकेल म्हणून घेऊ नये.

म्हणून सगळेच मुलामे फसवे, असे म्हणणारेही मला मान्य नाहीत. साधा निकेलचा थर झीज रोखत नाही, पण गंज रोखतो. जून ते सप्टेंबर कोकणात सायकल चालवणाऱ्याला हे फार मोलाचे आहे, कारण दोन चक्रांच्या मधल्या फटीत फडके पोहोचत नाही, आणि सुटलेला गंज चेनमध्ये शिरून स्वतःच पॉलिशपेपरसारखे काम करतो. अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या चक्रावर हार्ड अ‍ॅनोडायझिंग हवेच. ते २५ ते ५० मायक्रॉन जाड असते आणि त्याशिवाय ते चक्र फार लवकर खलास होईल. सर्वांत सार्थकी लागणारा मुलामा मात्र डोळ्यांना दिसतच नाही: चेनच्या पिनेवरचा कठीण क्रोमचा किंवा क्रोमियम कार्बाइडचा. तिथे खाली कठीण केलेले पोलाद असते, आणि तिथली झीज कमी झाली की चेनचे अंतर उशिरा वाढते व कॅसेटचे सगळे दाते वाचतात.

पैसे तिथे घाला. पूर्ण पोलादी कॅसेट, चांगल्या पिनांची चेन, आणि चेनची वाढ मोजणारा काही शे रुपयांचा चेनचेकर. पावसातून आल्यावर चेन धुऊन, पुसून, पुन्हा वंगण द्या. आणि कॅसेट विकणाऱ्या कंपन्यांकडे एक मागणी लावून धरा: मुलाम्याचे नाव जितक्या मोठ्या अक्षरांत छापता, तितक्याच मोठ्या अक्षरांत दात्याच्या पोलादाची कठिणता छापा.