दुसऱ्या आवाजाची मांडणी

जुन्या हिंदी चित्रपटगीतात गाणारा एखादी ओळ संपवून श्वास घेतो, तेवढ्यात मागे व्हायोलिन किंवा चेलो भलतेच काही बोलून जातात. ती ओळ आपण कधी गुणगुणत नाही, पण काढून टाकली तर गाणे ओकेबोके वाटेल. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांत अशा ओळी लिहिणारे सॅबेस्टियन डिसोझा हे गोव्याचे. संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरात आणि अरेंजरचे बारीक, हा आपल्याकडचा रिवाज. ब्राझीलच्या 'शोरो' या संगीतात मात्र ही मागची ओळच निम्मे गाणे असते, आणि ती ज्याने घडवली त्याची हकिकत मनाला चटका लावणारी आहे.

शोरोचा जन्म रिओ द जानेरो शहरात १८७०च्या सुमारास झाला. युरोपातून आलेले पोल्का, वॉल्ट्झ हे नाच तिथल्या वादकांनी आपल्या पद्धतीने वाजवायला सुरुवात केली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या लयीचे पाणी त्याला लागले होतेच. बासरीवादक जोआकीम कालादो हे या मंडळींचे पहिले मोठे नाव. पोर्तुगीज भाषेत 'शोरो' म्हणजे रडणे. पण संगीत ऐकाल तर त्यात रडण्यापेक्षा खोड्याच अधिक आहेत. टेबलाभोवती गोल करून बसायचे आणि रात्रभर वाजवायचे, ही त्याची बैठक. एक बासरी किंवा मेंडोलिन, चार तारांचे चिमुकले 'काव्हाकीन्यो', एक-दोन गिटार आणि 'पांदेइरो' म्हणजे झांजा लावलेली डफासारखी खंजिरी. कर्नाटक संगीतातला कंजिरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो चटकन डोळ्यांपुढे येईल, फक्त हा आकाराने मोठा आणि झांजाही अधिक.

हे संगीत लहान संचासाठी मांडायचे तर नमुना म्हणून 'उं आ झेरो' ही चीज घ्यावी. नावाचा अर्थ 'एक विरुद्ध शून्य'. २९ मे १९१९ रोजी रिओमध्ये दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल अजिंक्यपदाचा निर्णायक सामना झाला. ब्राझील आणि उरुग्वे नव्वद मिनिटांत बरोबरीत, अर्ध्या तासाच्या जादा वेळेतही बरोबरीत, म्हणून पुन्हा अर्धा तास! शेवटी आर्थर फ्रीडनराइख या खेळाडूने गोल केला आणि ब्राझीलला पहिले मोठे अजिंक्यपद मिळाले. त्या विजयावर पिशिंगीन्या यांनी ही चाल बांधली. सूर चेंडूसारखे उसळतात, वळतात, हुलकावणी देतात.

पिशिंगीन्या हे टोपणनाव. माणसाचे खरे नाव आल्फ्रेदो दा रोशा व्हिआना. जन्म १८९७, मृत्यू १९७३. पोरवयातच बासरीवर असामान्य हात. १९२२ साली आपला संच घेऊन हा कृष्णवर्णी कलावंत पॅरिस गाजवून आला. पुढे रेकॉर्ड कंपनीसाठी वाद्यवृंदाची मांडणी करण्याचे काम त्याने वर्षानुवर्षे केले. ब्राझीलमध्ये त्याच्या नावाने २३ एप्रिलला 'शोरो दिन' पाळतात. गंमत अशी, की त्याची खरी जन्मतारीख ४ मे असल्याचे नंतर कागदपत्रांतून निघाले, तरी दिवस बदललेला नाही. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि आजीला आठवणारी जन्मतारीख यांचे जसे असते, तसेच हे.

आता ती हकिकत. चाळिशी ओलांडल्यावर पिशिंगीन्यांनी बासरी खाली ठेवली आणि टेनर सॅक्सोफोन हाती घेतला. दिवस ओढगस्तीचे होते, घराचे देणे थकले होते. त्या वेळी बेनेदितो लासेर्दा हा बासरीवादक लोकप्रिय होता, व्यवहाराचा पक्का होता. १९४६ साली दोघांचा करार झाला. लासेर्दाने पैशांची सोय केली, रेकॉर्डिंग मिळवून दिले. बदल्यात पिशिंगीन्यांच्या रचनांवर सहरचनाकार म्हणून त्याचे नाव लागले. कित्येक वर्षांपूर्वी बांधलेल्या चालीही त्यातून सुटल्या नाहीत. 'उं आ झेरो' त्याच वर्षी रेकॉर्ड झाली आणि आजही ती दोघांच्या नावावर आहे. चाल बासरीवर लासेर्दा वाजवणार, मूळ मालकाने मागे बसून सॅक्सोफोनवर साथ करायची.

साथ करायला बसलेल्या या माणसाने काय केले ते त्या रेकॉर्डमध्ये ऐकावे. आपल्या पेटीवाल्यासारखा तो मुख्य गायकाच्या मागून तेच सूर घेत नाही. बासरी वर धावते तेव्हा हा खाली चालत जातो. ती दम घेते तेव्हा हा प्रश्न विचारतो. आपल्या सीमाभागातल्या घरांत सासूबाई मराठीत विचारतात, सून कन्नडमध्ये उत्तर देते आणि दोघींनाही त्यात काही वेगळे घडले असे वाटत नाही. त्या दोन वाद्यांचे बोलणे मला तसे वाटते. भाषांतर नाही, पुनरुक्ती नाही, तरी संवाद अखंड. लासेर्दा वाईट वादक होता असे मुळीच नाही. त्याच्या बासरीला तोड नव्हती आणि त्याच्याशिवाय या रेकॉर्ड झाल्याही नसत्या. पण आज जाणकार त्या रेकॉर्ड लावतात त्या सॅक्सोफोनसाठी.

पुढे हे खालचे बोलणे सात तारांच्या गिटारने उचलले. लासेर्दाच्या संचात गिटार वाजवणारे दिनो यांनी १९५०च्या दशकात नेहमीच्या सहा तारांखाली एक जाड तार असलेली गिटार घेतली आणि खर्जातल्या धावत्या ओळींची एक शैलीच उभी केली. पोर्तुगीजमध्ये तिला 'बाइशारिया' म्हणतात. तिच्यात पिशिंगीन्यांच्या सॅक्सोफोनचे ऋण स्पष्ट ऐकू येते.

म्हणून मांडणीला बसणाऱ्याने पहिला प्रश्न 'चाल कोण वाजवणार?' असा करू नये. चाल कोणीही वाजवील. खालची ओळ कोणाकडे द्यायची, हे आधी ठरवावे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्वरलिप्यांत वर चाल आणि तिच्यावर कॉर्डची अक्षरे एवढेच असते. त्यावरून वाजवले की गिटार नुसती 'झिंगचिक' करते, काव्हाकीन्यो तेच करते आणि शोरोऐवजी लग्नाच्या बँडचा पोल्का ऐकू येतो. पिशिंगीन्यांच्या त्या ओळी रेकॉर्डवरून उतरवून दोन्ही आवाजांसह छापल्या गेल्या आहेत. त्या हाताशी असतील तर उत्तम. नसतील तर कान लावून स्वतः उतरवाव्यात. आठवडा जाईल, पण तोच खरा अभ्यास.

समजा संच तिघांचा आहे: बासरी, गिटार, पांदेइरो. मग गिटारने कॉर्डचा मोह सोडावा. अंगठ्याने खालची ओळ पूर्ण वाजवावी आणि जिथे ती थांबते तिथेच वरच्या तारांवर दोन-तीन सुरांचा ठोका द्यावा. चौथे माणूस मिळाले तर मेंडोलिनला हे ठोक्याचे काम द्यावे, म्हणजे गिटार मोकळी होते. व्हायोलिनच्या चौकडीसाठी मांडायचे तर टेनर सॅक्सोफोनची ओळ चेलोकडे जाते. व्हायोलाने गज न ओढता तारा बोटांनी छेडून काव्हाकीन्योची जागा भरावी. लांब सुरांची चादर मात्र कोणी पसरू नये. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या अरेंजरची ही हमखास सवय, आणि शोरोचा श्वास तिथेच कोंडतो.

लय दोन मात्रांची, प्रत्येक मात्रेचे चार तुकडे. पांदेइरोवाला अंगठा, बोटांची टोके आणि तळवा फिरवत हे चारही तुकडे न थांबता चालू ठेवतो आणि जोर मात्र हलवत राहतो. चाल नेमकी मात्रेवर क्वचितच पडते, ती अलीकडे किंवा पलीकडे डोकावते. हे सगळे कागदावर तंतोतंत लिहायला गेलो तर वाचणारा घाबरतो आणि वादन यंत्रासारखे होते. साधे लिहावे आणि रेकॉर्ड ऐकवावी. आपल्याकडे लेहऱ्यावर तबला वाजवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जुन्या शोरोचे तीन भाग असतात. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, पुन्हा पहिला, मग तिसरा दोनदा आणि शेवटी पहिला. म्हणजे पहिला भाग एकूण चार वेळा येतो. ही चाल तीन भागांत असलीच पाहिजे, असा दंडक इतका पक्का होता की दोनच भागांची 'कारिन्योझो' ही आपली अप्रतिम रचना पिशिंगीन्यांनी बरीच वर्षे बाहेर काढली नव्हती! चार वेळा येणारा भाग चारही वेळा सारखाच लिहिला तर ऐकणारा घड्याळाकडे पाहू लागतो. पहिल्यांदा चाल साधी असावी. दुसऱ्यांदा वादकाला सजवू द्यावी. तिसऱ्यांदा चाल खालच्या वाद्याकडे देऊन बासरीने वरून उत्तरे द्यावीत. एरवी मागे असलेल्याला एकदा पुढे बसवण्याची ही जागा अरेंजरने सोडू नये, असे मला आग्रहाने वाटते. चौथ्यांदा सगळे मिळून.

मोठ्यातून लहान करण्याचे उत्तम उदाहरण राडामेस न्यातालींचे. त्यांनी १९५६ साली मेंडोलिन आणि तंतुवाद्यवृंदासाठी 'रेत्रातोस' ही चार भागांची रचना लिहिली. पहिला भाग पिशिंगीन्यांना वाहिलेला. पुढे जोएल नासिमेंतो या मेंडोलिनवादकाच्या विनंतीवरून त्यांनीच सगळा वाद्यवृंद काढून ती गिटार, काव्हाकीन्यो आणि पांदेइरोच्या छोट्या संचासाठी मांडली. त्यातून 'कामेराता कारिओका' हा संच उभा राहिला आणि १९७९ साली त्याची रेकॉर्ड निघाली. डझनभर व्हायोलिने गेली तरी काही हरवल्यासारखे वाटत नाही, कारण मुळातच प्रत्येक वाद्याला स्वतःचे बोलणे दिलेले होते.

वेगाबद्दल एकच सांगतो. हल्ली 'उं आ झेरो' शर्यतीसारखी वाजवण्याची हौस फार आहे. टाळ्या मिळतात, पण खालच्या ओळीला बोलायला सवडच उरत नाही. ती ओळ गिटारवाल्याला गुणगुणता येईल तोच आपला वेग समजावा. तालमीला बसण्यापूर्वी १९४६ची रेकॉर्ड संचातल्या सगळ्यांनी एकत्र दोनदा ऐकावी, आणि दुसऱ्यांदा ऐकताना बासरीकडे अजिबात लक्ष देऊ नये.