कौतुक करा, पण कारण सांगा

फर्दापूर सरकारी नकाशात मराठवाड्यात येतं, पण तिथून संभाजीनगरपेक्षा जळगाव जवळ. त्यामुळे अजिंठ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाला खानदेशी गाणं परकं नाही, आणि अलीकडे मराठी पॉपचा मोठा गाजावाजा खानदेशातूनच झाला. जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये मराठी न कळणाऱ्यांनीही डोक्यावर घेतलं. त्यातली ‘मी’ नटूनथटून फोटो काढायला सांगणारी बाई आहे, आवाज मात्र पुरुषाचा. यात संजूचा दोष नाही. ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ १९३०च्या दशकात जी. एन. जोशींनी तबकडीवर गायली, तेव्हाही बोलणारी बाई होती आणि गाणारा पुरुष. शाहिरांनी त्याच्याही कितीतरी आधी बाईच्या तोंडी लावण्या घातल्या. ही रीत जुनी आहे. म्हणूनच एखादी गायिका स्वतःच्या नावावर नवं गाणं घेऊन येते, तेव्हा तिचं स्वागत मोकळ्या मनानं, अगदी उत्साहानं व्हायला हवं. मात्र त्या उत्साहाला कारणांची जोड हवी. आज नेमकी तीच नसते.

आपल्याकडे गायिकेच्या नव्या गाण्याचं कौतुक दोनच वाटांनी होतं. एक तर ‘काय गोड आवाज आहे’ असं म्हणायचं, नाहीतर किती लाख लोकांनी ते पाहिलं हे सांगायचं. आवाजाचा गोडवा ही निसर्गाची देणगी आणि आकडा ही बाजाराची. गायिकेनं स्वतः काय केलं, ते दोन्हींत कुठेच येत नाही. खरं म्हणजे ऐकण्यासारखं असतं ते तिनं केलेल्या निवडीत. कुठला शब्द दाबला, कुठला सोडून दिला, श्वास कुठे घेतला, ठेक्याच्या पुढे गेली की मागे रेंगाळली, हे सगळं तिचं काम. सुलोचना चव्हाण यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, पण लावणीच्या रसिकांनी त्यांच्यातला ठसका कितीतरी आधीच ओळखला होता. हा ठसका म्हणजे शब्द टोकाशी कसा तोडायचा याची पक्की समज. २००२ मध्ये वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते यांचं ‘ऐका दाजीबा’ देशभर वाजलं. त्यातही वैशालीनं आवाजाची गावरान धार नाचाच्या ठेक्यासाठी बोथट होऊ दिली नाही, आणि गाण्याचा जोर त्या धारेत आहे. एवढं सांगितलं की कौतुकाला वजन येतं. पुढच्या गायिकेलाही त्यातून काही घेता येतं.

गोडव्याच्या मापानं मोजलं तर फर्दापूरच्याच संभाजीनगर जिल्ह्यातल्या कडुबाई खरात कुठे बसणार? एकतारी हातात घेऊन भीमगीतं म्हणणारी ही बाई मोबाइलवर काढलेल्या साध्या चित्रफितींतून महाराष्ट्रभर पोहोचली. मोठी कंपनी नाही, झगमगता व्हिडिओ नाही. त्यांचा आवाज उघडा आणि ठाम आहे. साथीला जवळजवळ काहीच नसल्यामुळे प्रत्येक शब्दाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, आणि तो राहतो. महादेव कोळी समाजातून आलेली मधुरा घाणे ‘माही जी’ या नावानं आदिवासींच्या प्रश्नांवर रॅप करते; तिथे तर सुरापेक्षा उच्चाराची लय महत्त्वाची. सोनाली सोनवणेसारखी गायिका सिनेमाबाहेरच्या गाण्यांतून घराघरांत गेली आहे. या तिघींना एकाच ‘गोड’ या शब्दात कोंबलं तर तिघींवरही अन्याय होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. ही गाणी रीलसाठी बेतलेली, अर्ध्या मिनिटात संपणारी. त्यांचं कसलं परीक्षण करायचं? पण गाण्याला यंत्राचं माप लागणं आजचं नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गायिका गौहर जान तबकडीसाठी गायल्या, तेव्हा तासभर रंगणारी बंदिश जेमतेम तीन मिनिटांत बसवावी लागली. त्यांनी ती बसवली आणि शेवटी स्वतःचं नावही ठणकावून सांगितलं. पुढे मराठी भावगीतही त्याच तीन मिनिटांच्या चौकटीत वाढलं. चौकट लहान आहे म्हणून कला लहान ठरत नाही. तिच्यात काय बसवलं, ते मात्र पाहावं लागतं. रीलसाठी एकच ओळ घासूनपुसून उरलेलं गाणं मोकळं सोडलेलं असेल, तर तसं लिहावं; परीक्षण असतं ते त्यासाठीच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शब्द बहुतेकदा पुरुषाचे, चाल पुरुषाची, आवाजही संगणकावर सरळ केलेला. मग गायिकेचं श्रेय उरतं किती? याचं उत्तर फर्दापूरच्याच सोयगाव तालुक्यात आहे. पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी ‘जैत रे जैत’ची गाणी लिहिली, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या, पण १९७७ च्या त्या चित्रपटाची गाणी आठवताना आशा भोसले आणि लता मंगेशकर यांचे आवाज वेगळे काढता येतात का? लिहिलेल्या बाईला जिवंत माणूस करण्याचं काम गळ्यानं केलं. संगणक सूर नेमका करील, पण कुठे थबकायचं हे तो आपणहून ठरवत नाही. तरीही गळ्याची ओळखच पुसली जाईल इतकी सफाई केली असेल, तर तो दोष नाव घेऊन दाखवायला हवा, आणि तो गायिकेच्या माथी न मारता ध्वनिमुद्रण करणाऱ्याला विचारायला हवा.

राहिला शेवटचा प्रश्न : उत्साह आला की परखडपणा जातो, असं नाही का? बिनबुडाच्या उत्साहाबाबत हे खरं आहे. पण कारण सांगणाऱ्याला आपोआपच मर्यादाही सांगावी लागते, कारण ज्या कसोटीवर एक गाणं आवडलं त्याच कसोटीवर दुसरं नापास होतं. शिवाय लिहिण्यानं नोंद होते. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, महाजनक जातकाच्या चित्रात, नर्तकीभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायकांचा ताफा आहे. त्यांतल्या एकीचंही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. आजच्या गायिकांची नावं यूट्यूबच्या वर्णनात कुठेतरी तळाशी असतात. सिनेमातल्या गाण्याला निदान पुरस्कार तरी असतात. सावनी रवींद्रला ‘बार्डो’मधल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुट्या गाण्याला असा वाली नाही. नाटक-सिनेमाला जागा देणाऱ्या मराठी वृत्तपत्रांनी आठवड्याला एका नव्या गाण्याला दीडशे शब्द द्यावेत. त्यात गायिका, गीतकार, संगीतकार यांची नावं, काय जमलं, काय फसलं आणि का, एवढं असलं तरी पुरे. आणि वाचकानं आवडलेलं गाणं पुढे पाठवताना हृदयाच्या चिन्हाऐवजी एक वाक्य लिहावं. तेवढ्यानं गायिकेला कळेल की आपण गायलेलं कुणीतरी नीट ऐकलं.