विशेष शिक्षिका घडते तेव्हा

नातवंड दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, अशी काळजी सुनेने बोलून दाखवली की आपल्या खानदेशातील बहुतेक घरांत एक उत्तर तयार असते : 'याचा बापही उशिराच बोलला होता.' हे उत्तर मायेपोटी येते आणि पुष्कळदा खरेही ठरते. परंतु जेव्हा ते खरे ठरत नाही, तेव्हा बालकाचे अत्यंत मोलाचे महिने वाट पाहण्यात निघून जातात. मेंदूची वाढ पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक वेगाने होते. म्हणून या वयात मिळालेल्या मदतीचा लाभही मोठा असतो.

ही मदत करणाऱ्यांपैकी एक म्हणजे बालवयातील मुलांसाठी प्रशिक्षित झालेली विशेष शिक्षिका. बारावीनंतर पदविका अभ्यासक्रम पूर्ण करून या क्षेत्रात येता येते. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषद अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि उत्तीर्णांची नोंदणी करते. नोंदणीविना हा व्यवसाय करणे हा त्याच कायद्याने दंडनीय अपराध आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला त्या वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे ना, हे अवश्य पाहावे.

या प्रशिक्षणात काय शिकवतात? प्रथम पाहायला शिकवतात. मूल कशाकडे वळते, कशाने दचकते, हवी ती वस्तू कशी मागते, याची रोज नोंद ठेवावी लागते. त्यानंतर प्रत्येक कामाचे लहान लहान टप्पे पाडायला शिकवतात. आपल्या रावेर-यावलकडचे केळेच घ्या. देठ मोडणे, साल धरणे, ती खाली ओढणे, असे त्याचे टप्पे होतात. शिक्षिका प्रारंभी जवळजवळ सगळे केळे स्वतः सोलते आणि सालीचा शेवटचा तुकडा तेवढा बालकाकडून ओढवून घेते. काम पूर्ण केल्याचा आनंद त्यामुळे पहिल्याच दिवशी बालकाला मिळतो. पुढे एकेक टप्पा मागे सरकत अखेरीस सारे केळे ते स्वतः सोलू लागते. यासाठी कधी कधी अनेक आठवडे लागतात. तेवढा धीर धरणे हाही या प्रशिक्षणाचाच भाग होय.

आखाजीच्या झोक्याचेही तसेच. झोका देता देता मध्येच थांबावे, बालकाच्या डोळ्यांत पाहावे आणि वाट पाहावी. त्याने हात हलवला, हुंकार दिला किंवा नुसते पाहिले, तरी ते मागणे समजून लगेच झोका द्यावा. आपल्या खुणेला उत्तर मिळते, हे उमगणे ही भाषेची पहिली पायरी आहे. मात्र हे सारे बालकाच्या घरच्या बोलीत व्हायला हवे. घरात अहिराणी, तावडी वा पावरी आणि शिकवणीत केवळ पुस्तकी मराठी असेल, तर त्या लेकरावर दुहेरी भार पडतो. म्हणूनच साक्रीच्या किंवा चोपड्याच्या मुलीने हे शिक्षण घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्राला ही वाट अपरिचित नाही. मारिया माँटेसरी यांनी आधी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम केले आणि त्या अनुभवाच्या आधारे १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह उघडले. त्याच विचाराच्या प्रेरणेने ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीच्या परिसरात काम केले, आणि शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच शाळा नेली. अंगणवाडीची कल्पना तेथेच रुजली.

आपण वडीलधाऱ्यांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. वर्षाचे बाळ नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा आलेले बोलणे कोणत्याही वयात थांबले असेल, तर वाट पाहू नये. एवढ्यावरून निदान होत नाही. तपासणी मात्र तातडीने व्हायला हवी. अंगणवाडी सेविकेला सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत बालकांची तपासणी करते आणि गरजेप्रमाणे त्यांना जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. पथक येण्यास अवकाश असेल, तर थेट बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आणि घरातील सून किंवा नात हे प्रशिक्षण घेऊ इच्छित असेल तर? धुळे-जळगावला रोजचे जाणे-येणे, सरावाचे पाठ, घरी लिहायच्या नोंदी, हे सारे सांभाळायचे म्हणजे चुलीपासून लेकरांपर्यंत कोणीतरी पाठीशी उभे राहायला हवे. तो आधार बहुधा आपणच देऊ शकतो. शिवाय विशेष शिक्षिका बालकाला दिवसातून तासभर भेटते, उरलेला दिवस ते आजी-आजोबांच्या सहवासात असते. तिने दाखवलेला धडा ओसरीवर दहा वेळा गिरवून घेणारे हात आपलेच असतात. त्या शेवटच्या सालीसाठी लागणारा धीर आपल्यापाशी आहे. तो त्या लेकराच्या कामी यावा.